गोड टार्टचं पीठ घरी करताना बटर थंड हवं की मऊ?

कडेकपारी
मंडळी, टार्टचं गोड पीठ अगदी मैद्यापासून घरी करायचं मनावर घेतलंय. तयार गोठवलेलं पीठ वापरून झालं. त्याला चव म्हणून नसते आणि वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की भूकच मरते. पण कृती वाचायला बसलं की डोकं गरगरतं. एक म्हणते बटर फ्रीजमधून काढल्याकाढल्या तुकडे करून मैद्यात चोळा, हाताची ऊबसुद्धा लागता कामा नये. दुसरी म्हणते बटर बोट रुतेल इतकं मऊ होऊ द्या आणि पिठीसाखरेबरोबर घोटा. फोटोतलं टार्ट दोन्हीकडे सारखंच देखणं. मग खरं कोणाचं मानायचं?

दुसरा प्रश्न जास्त छळणारा आहे. भाजताना कडा घसरतात. साच्यात नीट उभी केलेली भिंत बाहेर येते तेव्हा निम्मीच उरते आणि तळ मधोमध फुगून बसतो. सारण भरायला जागाच राहत नाही. हे पिठामुळे होतं की भाजण्यामुळे?

अंडं चालतं. साधा घरगुती ओव्हन आहे, साचा सुट्या तळाचा, २३ सेंमीचा.

अर्धीवाटी
थंड. शक्य तितकं थंड. मैदासुद्धा फ्रीजमध्ये ठेवायचा. विषय संपला.

शंकासुर
'विषय संपला' म्हणून धागे संपले असते तर काय हवं होतं! मी बैठक मारली आहे, येऊ द्या.

काटेकोर
अर्धीवाटी, विषय अजून सुरूही झालेला नाही :)

थंड बटरचा हट्ट मुळात पापुद्रे सुटणाऱ्या पिठासाठी असतो. तिथे बटरचे बारीक तुकडे पिठात अख्खे राहावे लागतात. ओव्हनमध्ये ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. गोड टार्टला पापुद्रे नकोच असतात. तिथे हवा एकसंध, सुरी घातली की कटकन तुटणारा आणि ओलसर सारण तोलून धरणारा तळ.

फ्रेंच पद्धतीत ही तीन वेगळी पिठं मानतात. पात ब्रिझे म्हणजे साखर नसलेलं किंवा अगदी कमी असलेलं. पात सुक्रे गोड. त्यात बहुतेक वेळा मऊ बटर आणि पिठीसाखर आधी एकत्र करतात, मग अंडं, मग मैदा. पात साब्ले त्याहून भुसभुशीत, त्यात बटर मैद्यात चोळतात. वाचलेल्या दोन कृती बहुधा अशा दोन वेगळ्या पिठांच्या आहेत आणि दोघींनी वर 'गोड टार्ट' एवढंच लिहिलंय. त्यामुळे दोन्ही बरोबर आहेत.

आता यामागचं कारण. मैद्यात पाणी गेलं आणि हात चालला की त्यातली दोन प्रथिनं मिळून ग्लूटेनची जाळी विणतात. पावाला ती हवी, टार्टला जितकी कमी तितकी बरी. बटर मैद्याच्या कणांना लपेटून पाणी आत शिरू देत नाही. साखर स्वतःच पाणी ओढून घेते, म्हणून मैद्याच्या वाट्याला कमी येतं. मोहन घातलं की पदार्थ खुसखुशीत का होतो, त्याचं कारण हेच. बटर मऊ असताना मैदा घातला तर हे लपेटणं जास्त नीट होतं. थंड बटर चोळून तेच साधता येतं, पण चोळणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून राहतं.

अर्धीवाटी
काटेकोर, मान्य. पण उन्हाळ्यात मऊ बटरची कृती करून दाखवा, मग बोलू. पीठ लाटण्याआधीच लाटण्याला मिठी मारतं.

पिठूळ
दोघांचंही पटतं. मी मऊ बटरवाली आहे, त्यामुळे माझी कृती देते. वजनात देतेय, वाटीत मागू नका. मैदा हलक्या हाताने भरला तर एका कपात १२० ग्रॅम मावतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅम. एवढ्या फरकाने हे पीठ एकतर भेगाळतं, नाहीतर चिकटतं. (अर्धीवाटी, तुमच्या नावावर टीका नाही.)

मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२५, पिठीसाखर ९०, एक अंडं (कवचाशिवाय साधारण ५०), पाव चमचा मीठ. असेल तर बदामाची पूड ३० ग्रॅम.

बटर असं हवं की बोटाने दाबलं तर खड्डा पडावा, पण बोटाला चकाकी येऊ नये. चकाकी आली म्हणजे ते वितळायला लागलंय. १८ ते २० अंशांच्या आसपास बरोबर बसतं. पिठीसाखर आणि मीठ घालून लाकडी चमच्याने फक्त एकजीव करायचं. इथे केकसारखं फेसायचं नाही, हे बहुतेक कृती सांगतच नाहीत. फेसलं की हवा भरते, ती ओव्हनमध्ये पसरते आणि तळ फुगतो. कडेकपारी, तुमच्या फुगण्याचं हे एक कारण असू शकतं. इलेक्ट्रिक बीटर वापरत असाल तर तो कपाटात ठेवा.

मग अंडं फेटून थोडंथोडं. अंडंही फ्रीजबाहेरचं हवं, थंड घातलं तर बटर एकदम आकसतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर घाबरू नका, दोन चमचे मैदा टाकला की सावरतं. शेवटी मैदा दोन भागांत. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. गोळा ओट्यावर घेऊन तळहाताच्या मुळाने एकदोनदा पुढे घासून दाबायचा, राहिलेल्या बटरच्या गाठी मोडतात. मळायचं नाही. मळलं की संपलं.

पीठ यावेळी जरा जास्तच मऊ वाटेल. तसंच असू दे, मैदा वाढवू नका.

नवशिकी
पिठूळताई, साधी साखर घालून चालेल का? पिठीसाखर नेहमी नसते घरी.

पिठूळ
मिक्सरला फिरवून घे गं. जाड साखर या पिठात विरघळतच नाही, पाणी कुठे आहे तिला विरघळायला? दाणे तसेच राहतात, ओव्हनमध्ये वितळून पसरतात, वर ठिपके उठतात आणि पीठही जास्त पसरतं. पिठीसाखरेने पोत बारीक येतो आणि आकार टिकतो.

शंकासुर
नवशिकी, माझा अनुभव ऐका. मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका. साखरेची धूळ बसू द्या. चष्मेवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं.

रविवारची सुगरण
आमच्याकडे अंडं नाही. मी जर्मन पद्धतीचं १-२-३ प्रमाण वापरते: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनाने. १००, २००, ३०० ग्रॅम. लक्षात ठेवायला सोपं. गोळा होत नसेल तर चमचा-दोन चमचे थंड दूध. पिठूळच्या कृतीत बटर मैद्याच्या निम्मं आहे, यात दोनतृतीयांश, त्यामुळे हे पीठ फार नाजूक. जिभेवर विरतं, पण लाटताना हातावरही विरतं.

मी थंड बटर चोळते. बोटांची टोकं वापरायची, तळवा नाही. तळवा गरम असतो. मैदा मुठीत दाबला तर मूठ टिकली पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली तर फुटली पाहिजे. रंगही बदलतो. पांढरा मैदा हळूहळू पिवळट आणि रवाळ दिसायला लागतो. तिथे थांबून दूध शिंपडायचं, ओतायचं नाही.

काटेकोर
सुगरण, छान लिहिलंत. अंड्याबद्दल थोडी भर घालतो. पूर्ण अंड्याऐवजी नुसतं पिवळं घातलं तर पीठ मऊसर, खुसखुशीत होतं, कारण पिवळ्यात स्निग्धांश भरपूर असतो. पांढरं म्हणजे बहुतांशी पाणी आणि प्रथिनं, त्याने पीठ कडक आणि कुरकुरीत होतं. लिंबाच्या कस्टर्डसारखं पातळ सारण असेल तर मी पूर्ण अंडं घेतो, नाजूक क्रीम असेल तर दोन पिवळी आणि चमचाभर पाणी.

निवांत
मला एक सांगा, ते फ्रीजमध्ये 'विश्रांती' प्रकरण खरंच लागतं का? पिठाने असं काय काम केलंय? मी लगेच लाटून थेट भाजतो. थोडं आक्रसतं, पण खाताना कोण मोजतंय? सगळ्या कृती एकमेकींची नक्कल करतात आणि 'किमान दोन तास' चिकटवून देतात.

शंकासुर
निवांतराव, पिठाने विश्रांती घ्यायची नाही हे तुम्ही सांगावं! नाव बदला आधी.

काटेकोर
निवांत, नक्कल होते हे खरं, पण हा सल्ला उगाच नाही. थोडंफार तयार झालेलं ग्लूटेन ताणलेलं असतं, ते सैल पडायला वेळ लागतो. न थांबता भाजलं की ते ओव्हनमध्ये आक्रसतं आणि भिंती खाली ओढल्या जातात. मैद्याच्या सगळ्या कणांपर्यंत ओल सारखी पोचते, मग कडा भेगाळत नाहीत. आणि बटर परत घट्ट होतं.

हा शेवटचा मुद्दा धाग्याच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. पीठ करताना बटर थंड होतं की मऊ, हे पोताचं गणित. पण ओव्हनमध्ये शिरताना ते थंडच हवं, तिथे दोन मतं नाहीत. मऊ पीठ गरम ओव्हनमध्ये गेलं की भिंत भाजून घट्ट होण्याआधी बटर वितळतं आणि सगळं खाली बसतं.

अर्धीवाटी
म्हणजे शेवटी थंडच :P

निवांत
बरं, अर्धं पटलं. पण दोन तास?

लाटणंबहाद्दर
तासाभराचा आणि कमी कटकटीचा मार्ग सांगतो. पीठ मऊ असतानाच लाटायचं! दोन बेकिंग पेपरच्या मधे गोळा चपटा करून तिथल्या तिथे ३ मिमी जाडीला लाटा. मऊ असल्यामुळे जोर लागत नाही, पेपर असल्यामुळे चिकटत नाही, वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. मग पेपरसकट ताटावर सपाट ठेवून फ्रीजमध्ये. पातळ असल्यामुळे लवकर गार होतं. अख्खा गोळा गार करून नंतर त्या दगडाशी कुस्ती खेळणं मी केव्हाच सोडलं. तरी गोळाच ठेवायचा असेल तर निदान चपटी जाड चकती करून ठेवा, आतपर्यंत गारवा पोचतो.

दर चारपाच लाटण्यांनंतर वरचा पेपर सोडवून परत ठेवा, मग उलटं करून दुसऱ्या बाजूचा. नाहीतर पेपरला सुरकुत्या पडतात आणि त्या पिठात उमटतात. ३ मिमी कसं राखायचं? दोन्ही बाजूंना तेवढ्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्यांवरून फिरवा.

पिठूळ
+१. मीही आता हेच करते. वर लिहायचं राहिलं.

कडेकपारी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काटेकोर, दोन वेगळी पिठं हे कळल्यावर बरंच सुटलं.

घसरण्याबद्दल थोडं अजून सांगते. पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवते. लाटून साच्यावर टाकते, कोपऱ्यात नीट बसावं म्हणून बोटाने ओढून दाबते, काठ साच्याच्या वरच्या कडेला कापते. काट्याने टोचते आणि १८० अंशांना भाजते. वजन म्हणून मूठभर राजमा तळावर पसरते. तरी घसरतंच.

लाटणंबहाद्दर
'बोटाने ओढून' आणि 'मूठभर', चोर सापडले.

पीठ कधीही ओढायचं नाही. ओढलेलं परत येतंच. लाटलेला तुकडा साच्यापेक्षा चांगला मोठा घ्या, सैल सोडा, एका हाताने कडेचं पीठ उचलून आत ढकला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने कोपऱ्यात दाबा. पीठ वरून खाली आलं पाहिजे, तळातून ताणून वर गेलेलं नको. कोपऱ्यात पोकळी राहिली तर भाजताना भिंत त्या पोकळीत बसते, म्हणून साचा उलटा करून बाहेरून बघा. सुट्या तळाच्या साच्यात फट लगेच दिसते.

मग साच्यासकट परत गार करा, फ्रीजमध्ये अर्धा तास किंवा फ्रीझरमध्ये १५-२० मिनिटं. ही दुसरी विश्रांती बरेच जण गाळतात आणि पहिलीपेक्षा हीच महत्त्वाची. काठ कापायचा तोही गार झाल्यावर, धारदार सुरीने, बाहेरच्या दिशेने.

रविवारची सुगरण
वजनाचंही सांगा की. मूठभर राजमा तळाला धरून ठेवेल, भिंतीला कोण धरणार? पेपर चुरगाळून मऊ करून आत बसवायचा आणि वजन अगदी काठापर्यंत भरायचं. तळ १५ ते २० मिनिटं झाकलेला, मग वजन आणि पेपर अलगद उचलून आणखी ८-१० मिनिटं उघडा. काठाचा रंग नुसता फिकट पिवळा झाला असताना काढू नका. तळ कोरडा आणि सोनेरी दिसला पाहिजे, नाहीतर आत कच्चट लागतो.

तोच राजमा पुन्हापुन्हा वजन म्हणून वापरता येतो. बरणीवर चिठ्ठी लावा, चुकून कोणी शिजवायला घेतला तर जन्मात मऊ होणार नाही.

नवशिकी
तांदूळ चालतात का?

रविवारची सुगरण
चालतात. बारीक असल्यामुळे कोपऱ्यात छान बसतात. साखरही चालते.

शंकासुर
साखर?! ओव्हनमध्ये? वितळून तिचा दगड नाही होणार?

काटेकोर
नाही होत, १७५ अंशांच्या वर नेलं नाही तर. साधी दाणेदार साखर पेपरवर काठोकाठ भरा. टार्ट भाजून झाल्यावर ती हलकी बदामी झालेली असते आणि तिला किंचित कॅरॅमलचा वास येतो. गार झाली की बरणीत भरून केक-बिस्किटांत वापरा. वाया काही जात नाही. पेपर फाटका नसावा एवढंच, नाहीतर साखर तळाला चिकटते.

अवांतरप्रेमी
अवांतर: कच्चं पीठ चाटून बघणाऱ्यांचा धागा वेगळा आहे का? मला ते भाजलेल्यापेक्षा जास्त आवडतं.

पिठूळ
आवडतं सगळ्यांनाच, पण नको. अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं, मैद्याचं नसतं. मैदाही कच्चाच असतो, दळताना जंतू मरत नाहीत. लहान मुलं आसपास असतील तर विशेष सांभाळा.

अवांतरप्रेमी
एका प्रतिसादात बालपण हिरावून घेतलंत ताई.

गव्हाळ
मैद्याऐवजी कणीक घेतली तर? आणि बटरऐवजी तूप? घरात दोन्ही असतं म्हणून विचारतो. तात्त्विक वाद नको.

काटेकोर
दोन्ही एकदम बदलू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.

कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो, पीठ कोरडं आणि तुटकं होतं. एकतृतीयांश मैदा काढून तेवढी कणीक घाला, चमचाभर दूध वाढवा, फ्रीजमध्ये जास्त वेळ ठेवा. चव खमंग येते, सफरचंदाच्या टार्टला मला ती आवडते. पूर्ण कणकेचं केलंत तर ते वेगळंच काहीतरी होईल. वाईट नाही, पण हे नव्हे.

तुपाचं गणित वेगळं. बटरमध्ये ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो, पाणी साधारण १६ टक्के, बाकी दुधातले घन पदार्थ. तुपात पाणी जवळपास नसतंच. १२५ ग्रॅम बटरच्या जागी साधारण १०० ग्रॅम तूप घ्या आणि राहिलेलं पाणी दूध किंवा पाण्याने भरून काढा. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपाने पीठ तेलकट होतं आणि साच्यात उभं राहत नाही. घरी घुसळलेल्या लोण्याची अडचण उलटी: त्यात पाणी किती हे दर वेळी बदलतं. ते वापरायचं तर आधी दाबून पाणी काढा आणि अंडं पूर्ण न घालता लागेल तसं घाला.

गव्हाळ
धन्यवाद. तात्त्विक वाद न घालता उत्तर मिळालं, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

निवांत
मी तर पीठ फूड प्रोसेसरमध्ये करतो. थांबवत थांबवत फिरवलं की दोन मिनिटांत गोळा. हातवाल्यांचा कौतुकसोहळा चालू द्या.

रविवारची सुगरण
त्यात वाईट काही नाही, हाताची ऊबच लागत नाही. फक्त गोळा होईपर्यंत फिरवू नका. भुरा दिसत असताना बंद करा आणि शेवटचं हाताने जमवा. पात्यांनी गोळा केला म्हणजे आत बराच वेळ मळला गेला, मग तो चामड्यासारखा चिवट होतो. तुमचं आक्रसण्याचं गूढ इथेच असेल बहुतेक.

निवांत
हं. आता आलं लक्षात तुम्ही सगळे कशाला टपला होतात.

काचेचंभांडं
माझ्याकडे धातूचा साचा नाही, काचेची पसरट डिश आहे. तळ कच्चा राहतो. काय करावं?

लाटणंबहाद्दर
काच हळू तापते, म्हणून तळाला वेळ लागतो. खालच्या कप्प्यात ठेवा आणि पाचसहा मिनिटं जास्त द्या. फायदा असा की खालून रंग बघता येतो. पण काचेची डिश फ्रीझरमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका, तडकते. तिच्यासाठी फ्रीजच, आणि बाहेर काढून थोडा वेळ थांबा.

धातूचा साचा असेल त्यांनी ओव्हन तापवतानाच आत एक ट्रे तापत ठेवावा आणि साचा त्यावर ठेवावा. तळाला पहिल्या मिनिटापासून उष्णता मिळते. ज्यांना हौस आहे त्यांनी भोकांची रिंग घ्यावी, हवा बाजूने निघून जाते आणि बऱ्याचदा वजन ठेवावंच लागत नाही. रिंगसाठी तळाची गोल चकती आणि भिंतीची लांब पट्टी वेगवेगळी कापून जोडतात. पट्टी ताणली जात नाही, म्हणून घसरतही नाही. ही युक्ती साध्या साच्यातही चालते.

काटेकोर
जाता जाता ओव्हनबद्दल. घरगुती ओव्हनची चकती १८० दाखवते म्हणून आत १८० असेलच असं नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. आत पंखा चालू असेल तर १० ते २० अंश कमी ठेवा. या पिठात साखर आहे, ते काठाला पटकन करपतं. काठ आधी रंगला तर फॉइलची पट्टी लावा.

नवशिकी
बेकिंग पावडर घालू का चिमूटभर? एका व्हिडिओत होती.

पिठूळ
नको. फुगेल. सगळा धागा फुगण्याविरुद्ध चाललाय आणि तू पावडर घालतेस!

कडेकपारी
केलं! पिठूळच्या प्रमाणाने, बहाद्दरांच्या पद्धतीने पेपरमध्ये लाटून. बटर मऊ घेतलं, फेसलं नाही. चकती आणि पट्टी वेगळी कापली. पट्टीचा सांधा जिथे आला तिथे पाण्याचं बोट लावून दाबला, भाजल्यावर कुठे होता ते शोधावं लागलं. तांदूळ काठोकाठ भरले. भिंत घसरली नाही, जेमतेम दोनतीन मिमी खाली आली असेल. तळ सपाट. सुरी घातली तर कटकन आवाज आला.

एकच तक्रार: एका जागी बारीक चीर गेली आणि लिंबाचं सारण त्यातून खाली उतरलं. शिवाय दुसऱ्या दिवशी तळ जरा ओलसर लागला.

रविवारची सुगरण
अभिनंदन! कापलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा नेहमी बाजूला ठेवायचा. वजन काढल्यावर चीर दिसली की कच्चं पीठ बोटाने त्यात हलकेच भरायचं आणि ओव्हनमध्ये परत. जोर दिला तर चीर वाढते, गरम तळ फार नाजूक असतो.

ओलीसाठी: पूर्ण भाजलेल्या तळाला फेटलेल्या अंड्याचा पातळ हात द्या आणि दोनतीन मिनिटं परत आत. वर चकचकीत थर बसतो, सारण मुरत नाही. सारण न भाजता भरायचं असेल तर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा किंवा कोको बटरचा पातळ हात. मी अंडं वापरत नाही, त्यामुळे चॉकलेटवालीच.

काटेकोर
आणि गार सारण गरम तळात भरू नका. तळ पूर्ण निवला पाहिजे, नाहीतर वाफ आत कोंडते. तरी लिंबाचं टार्ट दुसऱ्या दिवशी थोडं मऊ पडणारच. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या दिवशी संपवणं.

शंकासुर
या धाग्यात मला झेपणारी पहिली पायरी सापडली.

कडेकपारी
:) शेवटचं विचारते. पीठ उरलं, दोनशे ग्रॅमच्या आसपास. ठेवता येतं का?

पिठूळ
येतं ना. २३ सेंमीच्या साच्याला ३०० ग्रॅम पुरतं आणि या प्रमाणात ५०० च्या वर होतं, म्हणून उरतंच. फ्रीजमध्ये दोनतीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने आरामात. कापलेले तुकडे मळून गोळा करू नका, एकावर एक रचून दाबा आणि पेपरमध्ये सपाट लाटून, घट्ट गुंडाळून ठेवा. वर तारीख लिहा. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये घ्या, बाहेर ओट्यावर वितळवायला ठेवू नका.

लाटणंबहाद्दर
किंवा साच्यात बसवूनच गोठवा. धातूच्या साच्यातलं गोठलेलं पीठ थेट ओव्हनमध्ये जातं, चारपाच मिनिटं जास्त द्यायची. माझ्या फ्रीझरमध्ये एक साचा कायम भरलेला असतो, त्यामुळे घरचे बर्फाचा ट्रे कुठे ठेवायचा म्हणून रोज भांडतात.

अर्धीवाटी
वजनकाटा मागवला आहे. नाव बदलणार नाही.